पितरांना भोपळी मिरचीची चटक

बोर्ली पंचतन, १४ सप्टेंबर

सौ. सगुणास,

बोर्लीहून दयारामचा नमस्कार. नवऱ्याने बायकोला नमस्कार लिहायचा नसतो, आशीर्वाद लिहायचा असतो, हे मला ठाऊक आहे. पण आशीर्वाद लिहिला असता तर तू हे पत्र न फोडताच रतनच्या टेम्पोत परत टाकलं असतंस. म्हणून नमस्कार.

पत्र का, असं विचारशील. फोन तू उचलत नाहीस. तुझ्या भावाला, धर्माला लावला तर तो म्हणतो, "ताई वाडीत गेलीय." सकाळी वाडीत, दुपारी वाडीत, दिवेलागणीलाही वाडीत. चौलला तुमची नारळाची वाडी आहे की अभयारण्य? शेवटी हेमालीला विचारलं. आपली लेक खारघरहून म्हणाली, "पप्पा, मम्मीने तुम्हाला ब्लॉक केलंय. सॉरी बोलून टाका ना, सिंपल." आता ज्याला ब्लॉक केलंय त्याने सॉरी कुठल्या तोंडाने बोलायचं, हे काही तिला सुचलं नाही. आणि सॉरी तरी कशाबद्दल? कावळा काही मी पाळलेला नाही.

तर पत्राचं कारण एवढंच की आमसुलाची बरणी सापडत नाही. ती कुठे आहे ते रतनजवळ सांग. तो दर खेपेला सुपारी घेऊन दिघीच्या जेटीवरून पलीकडे उतरतो आणि तुमच्या दारावरूनच रेवदंड्याला जातो. बाकी माझं इथे उत्तम चाललं आहे. इतकी वर्षं इटालियन जहाजावर चीफ कुक होतो, वादळात सगळ्यांना जेवू घातलं आहे. एका माणसाचं जेवण म्हणजे माझ्या हातचा मळ.

आता लिहायला बसलोच आहे तर त्या दिवशी काय झालं तेही नीट लिहून ठेवतो, नाहीतर चौलला भलतीच कथा पसरायची. आईचा म्हाळ होता. तू पहाटेपासून राबत होतीस, हे मी कबूल करतो. वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, वडे, खीर, आईला आवडायचं ते सगळं पानावर होतं. पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. आजूबाजूचे जमले. कावळा माडावर येऊन बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. तू हात जोडलेस. "आत्याबाई, काय चुकलं असेल तर पोटात घाला," म्हणालीस. कावळा ढिम्म. मग गर्दीतून एकेक जण आईला आश्वासनं द्यायला लागला. हेमालीचं लग्न लावू, घराला रंग काढू, दयाराम रोज देवळात जाईल. ते शेवटचं कोण बोललं ते मला अजून कळलेलं नाही, पण ते ऐकून कावळा चार फांद्या वर गेला.

आता माझं म्हणशील तर मला भूक लागली होती. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी खायचं नाही, ही रीत मला मान्य आहे. मी खाल्लं नव्हतंच. नुसतं करून ठेवलं होतं, पडवीत, वेगळ्या शेगडीवर, तुझ्या सोवळ्याला धक्का न लावता. दिवेआगरच्या रिसॉर्टसाठी रतनने लाल-पिवळ्या भोपळी मिरच्या आणल्या होत्या, त्यातल्या थोड्या माझ्याकडे आल्या. कांदा, मिरच्यांच्या लांब चिरा, मंद आच, मग सालं काढलेले टोमॅटो, लसूण, व्हिनेगरचे दोन थेंब, आणि शेवटी त्यात खळगे करून अंडी फोडायची. जहाजावर ज्याच्या हाताखाली मी शिकलो तो जेनोवाचा बेप्पे म्हणायचा, मिरचीला घाई केलीस तर ती तुला माफ करत नाही. तर ते पॅन गार व्हावं म्हणून मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं. झाकण नव्हतं, एवढीच काय ती माझी चूक.

पुढचं तुला माहीत आहे. कावळा उतरला तो तुझ्या पानावरून उडत थेट माझ्या पॅनवर, आणि अख्खा पिवळा बलक उचलून गेला. यावर शेजारच्या येसूबाई ओरडल्या, "अगो सगुणे, सोनाबायला लेकाच्या हातचं हवं व्हतं गो! तू उगीच राबलीस!" आणि सगळे हसले. मी हसलो नाही. मला खोकला आला होता.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, इतकीच ही गोष्ट. त्यासाठी बॅग भरून दुपारच्या एसटीने माहेरी जाण्यासारखं काही घडलेलं नाही. लौकर ये. म्हणजे घाई नाही. पण ये.

दयाराम


बोर्ली पंचतन, १८ सप्टेंबर

सौ. सगुणास,

आमसुलाचा निरोप आला नाही. रतन म्हणतो, "काकीनं पत्र घेतलं, पदराखाली घातलं आन आत गेली. काय बोलली न्हाय." पदराखाली घातलं याला मी चांगलं लक्षण समजतो.

तू नसताना इथे एक लहानसा प्रकार चालू झाला आहे. कुणीतरी वाढवून सांगेल, त्याआधी मीच लिहितो. येसूबाई परवा आल्या. त्यांच्या मालकांचा म्हाळ होता आणि कावळा शिवत नव्हता. म्हणाल्या, "दयारामा, तुझ्या त्या रंगीत अंड्यातलं जरासं दे रं. आमचं म्हातारं तसंबी चोचलं व्हतं." मी साफ नकार दिला. म्हटलं, पितरांच्या पानाला अंडं चालत नाही, रीतभात आहे की नाही? त्या म्हणाल्या, "पानावर न्हाय, पानाच्या बाजूला ठेवते." यावर मी पुन्हा नकार दिला. नंतर थोडंसं दिलं.

कावळा आला, आणि पान पुरतं मांडूनही झालं नव्हतं.

त्यानंतर दोन-तीन घरांतून विचारणा झाली. मी कुणाला हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. इतक्या वर्षांत या गावात माझ्या हातचं खायला कुणी तयार नव्हतं, हे तुला माहीत आहे. "जहाजावरचं ते, नुसतं उकडलेलं," म्हणून हिणवायचे. आता त्यांचे वाडवडील खातायत म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं तर बिघडलं कुठे?

माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. सकाळी अंडी, रात्री अंडी. मिरच्या संपल्या की नुसती अंडी. पोट जरा कुरकुर करतं, पण ते हवेमुळे असावं. तुळशीवृंदावनाशेजारी मी लावलेला सब्जा चांगला फुटला आहे. तू उपटून टाकायला निघाली होतीस तोच. त्याची पानं अंड्यांवर घातली की घरभर जेनोवाच्या बंदराचा वास सुटतो.

आणखी एक. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आई जाण्याआधी मला जवळ बोलावून म्हणाली होती, "दया, सगुणाच्या हाताला जी चव हाय ती कुणाच्या हाताला न्हाय. मी तिला कधी बोलले न्हाय, पण तू सांग." बघ. कावळ्याचं काय घेऊन बसलीस? कावळा काही आईपेक्षा मोठा नाही.

अमावास्येच्या आत येशील ना? सर्वपित्रीला घर बायकोवाचून बरं दिसत नाही.

दयाराम


चौल, १९ सप्टेंबर

आत्याबाई तुम्हाला 'दया' म्हणत नव्हत्या, 'दयाऱ्या' म्हणायच्या. आणि तसं काही त्या माझ्याबद्दल बोलल्या असत्या तर मी त्याच घटकेला डॉक्टरला बोलावणं पाठवलं असतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालू नये.

आमसुलं फडताळात, वरच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागे.

सगुणा


बोर्ली पंचतन, २३ सप्टेंबर

सगुणास,

आमसुलं सापडली. हळदीच्या डब्यामागेच होती. तिथे मी आधीही पाहिलं होतं, तेव्हा ती नव्हती.

आईबद्दलचं ते जाऊ दे. आईच्या मनात ते असणारच, मी फक्त तिच्यावतीने शब्द जुळवले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आता जे लिहितो आहे ते खरं लिहितो. सर्वपित्रीला माझी फजिती झाली. गावभर झाली, म्हणजे तुझ्या कानावर येणारच. निदान माझ्याकडून ये.

अमावास्येच्या आदल्या दिवशी आख्खी आळी दारात. प्रत्येकाला बाजूला ठेवायला 'दयारामची अंडी' हवी. मीही चढलो हरभऱ्याच्या झाडावर. रतनला सांगून भोपळी मिरची मागवली. रिसॉर्टवाल्यांच्या वाटणीचीसुद्धा मीच उचलली. अंगणात तीन दगडांवर मोठी परात चढवली. जहाजावर कॅप्टनच्या वाढदिवसाला करायचो तसं सगळं केलं, आणि उघड्या अंगणात ढवळत बसलो. वास कुठवर गेला असेल याचा अंदाज मला आला नाही. जहाजावर कावळे नसतात.

दुपारी घराघराच्या भिंतीवर पानं मांडली, प्रत्येक पानाशेजारी माझ्या अंड्याची वाटी. कावळे आले. दिवेआगरचे आले, वेळासचे आले, खाडीपलीकडचे आले असं रतन शपथेवर सांगतो. आभाळ भरून आलं की काय असं वाटावं असे आले. त्यांनी एकूण एक वाटी साफ केली आणि एकाही पानाकडे ढुंकून पाहिलं नाही. वडे तसेच, खीर तशीच, वाल तसेच. अंडी संपल्यावर ते परातीकडे वळले. मी झाऱ्या घेऊन उभा राहिलो, पण एकटा माणूस काय करणार? एक कावळा गावकीच्या बाळाजींच्या डोक्यावर बसला आणि त्यांची टोपी घेऊन आपल्या कौलावर गेला. ती अजून तिथेच आहे. शिडी तू कुठे ठेवतेस?

मग सगळे माझ्यावर उलटले. काल जे हात जोडून वाट्या पुढे करत होते तेच. बाळाजी उघड्या डोक्याने माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "दयारामा, पितरांची जीभ बिघडवलीस रं तू! आता पुढल्या साली त्यांना वाल लागंल व्हय? आन ही रंगीत मिरची दरसाल आनायची कुठून, मुंबयसून? आमचे वाडवडील नाचणी खाऊन गेले, त्यांना तू मेल्यावर चटक लावलीस!" येसूबाई त्यांच्या मागे उभ्या राहून मान डोलावत होत्या. त्यांचा नवरा चोचला होता हे त्या विसरल्या. गावकीत ठरलं आहे की पुढच्या पितृपक्षात दयारामने अंगणात चूल पेटवायची नाही.

आता रोज सकाळी भिंतीवर ओळीने कावळे येऊन बसतात. मी बाहेर आलो की सगळे एकदम माझ्याकडे बघतात. आपल्या घरी इतकी माणसं कधी आली नव्हती.

त्यात काल घट बसले. नवरात्र म्हणजे अंडं बंद. अंडं बंद म्हणजे मी बंद. मला दुसरं काय येतं? जहाजावर पास्ता होता, सूप होतं, पण इथे नवरात्रात सूप केलं तर बाळाजी मला गावातून काढतील. वाल भिजत घातले आहेत. तू करायचीस तसं बिरडं करून बघतो. बेप्पे म्हणायचा, ज्याला एक पदार्थ नीट येतो त्याला सगळे येतात.

तुझा,
दयाराम

ता. क. रतन म्हणतो की धर्माच्या बायकोचा पाय मोडला आहे आणि तिची खानावळ तूच चालवते आहेस. मला कुणी कळवलं नाही.


बोर्ली पंचतन, ७ ऑक्टोबर

सगुणा,

तुझं पत्र नाही, निरोप नाही. तरी लिहितो आहे.

बिरड्याचं आधी सांगतो. वालांना मोड आले, आणि मग कळलं की ते एकेक करून सोलायचे असतात. एकेक! मी दुपारी बसलो ते चहाची वेळ टळून गेली तरी सोलतच होतो. नखांच्या कडा हुळहुळल्या. वाटीभर झाले. फोडणीत टाकले, ढवळले, तर सगळा लगदा झाला आणि वर कडू. कावळ्यांना दिला. त्यांनीही नाही खाल्ला. बेप्पेला माझ्या वतीने निरोप पाठवावासा वाटला की बाबा, तुला वालाची माहिती नाही.

पण पत्र वालासाठी नाही. काल रतन चौलहून आला. त्याच्या हातात डबा होता. मी विचारलं, काय आहे? त्याने डबा पाठीमागे लपवला. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "काका, रागावू नका. काकीनं मला दिलंय. तुमच्यासाठी न्हाय. तसं मुद्दाम सांगितलंय, की हे दयारामला द्यायचं न्हाय." मी म्हटलं, बघू तरी दे. त्याने झाकण उघडलं आणि मी उडालोच. भोपळी मिरची, टोमॅटो आणि अंडी! माझा पदार्थ! तू मला सोडून गेलीस ते गेलीस, आणि जाताना माझा पदार्थ घेऊन गेलीस?

रतन सांगायला लागला की दसरा झाल्यापासून तुझ्या खानावळीत मुंबई-पुण्याची माणसं हेच मागतात, तांदळाच्या भाकरीबरोबर. एका बाईने मोबाइलवर टाकलं, म्हणून बाकीचे शोधत येतात. मी बारकाईने पाहिलं. मिरची हिरवी, साधी. लाल-पिवळीचा पत्ता नाही. आणि आत सुकट! सगुणा, ज्या पदार्थात मासोळीचा वाससुद्धा चालत नाही त्यात तू सुकट घातलीस? व्हिनेगरऐवजी आमसूल, वरून घरचा मसाला, आणि अंड्याचा बलक पार शिजवून टाकलेला. मी रतनला तिथेच सांगितलं की हा पदार्थ नव्हे, हा गुन्हा आहे. बलक वाहता पाहिजे. मिरचीला चव द्यायची असते, तिच्या तोंडावर सुकट मारायची नसते. रतन म्हणाला, "काका, आधी खावा तरी."

मी एक घास खाल्ला.

मग रतन म्हणाला, "काका, माझा डबा." मी त्याच्याकडे पाठ केली आणि सगळा संपवला. त्याला माझी अंडी करून देतो म्हटलं, तर तो म्हणाला, "नको, मी उपाशी जाईन."

सगुणा, ते माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे. हे आई म्हणाली नाही, कावळा म्हणाला नाही, बेप्पेही म्हणाला नाही. मी म्हणतो. आमसुलाने मिरचीचा गोडवा वर येतो हे मला कधी सुचलं नाही, कारण मी बाटलीतलं व्हिनेगर सोडून दुसरं काही बघितलंच नाही. सुकट तू आधी कोरडी भाजून घेतलीस ना? ते मला कळलं. खाता खाता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रतनला मी मसाला तिखट आहे असं सांगितलं.

आणि हेही लिहून टाकतो. तो खोकला नव्हता. मी हसलो. खूप हसलो. का हसलो तर मला आनंद झाला होता. मी सुट्टीवर यायचो तेव्हा आई तुझ्या हातचं जेवायची आणि माझ्याशी बोलायची. मी केलेलं ती कधी तोंडात घालायची नाही. म्हणायची, "बाप्या मानसानं चुलीशी बसू नये, ते आमाला बगवत न्हाय." मी जगाला खायला घालत होतो आणि माझी आई माझ्या हातचं खात नव्हती. म्हणून त्या दिवशी त्या कावळ्याने बलक उचलला तेव्हा मला वाटलं, खाल्लं गं बाई एकदाचं. तुझं पान तसंच राहिलं आहे हे त्या घटकेला माझ्या लक्षातच आलं नाही. ते लक्षात आलं तोवर एसटी सुटली होती.

मला तुझी फार आठवण येते. घर खायला उठतं. तू येत नाहीस तर नको येऊस, पण एवढं सांग की मी काय करू? कांदा बारीक चिरतो, तक्रार करत नाही, ताटं धुतो. जहाजावर मी सुरुवात तिथूनच केली होती.

दयाराम


चौल, ९ ऑक्टोबर

दयाराम यांस,

तुमची पत्रं वाचली. वहिनीला वाचून दाखवली, कारण तिचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे आणि तिला करमणूक नाही. बाळाजींच्या टोपीला ती इतकी हसली की तिची खाट हलली. शिडी गोठ्याच्या मागे आहे. टोपी धुऊन द्या.

खोकला नव्हता हे मला त्याच दिवशी कळलं होतं. खोकताना माणूस मांडीवर थाप मारत नाही.

तुम्हाला वाटतं की मी कावळ्यावर रुसून आले. आत्याबाईंनी जिवंतपणी माझ्या बिरड्याला कधी बरं म्हटलं नाही, तर मेल्यावर कावळ्याच्या तोंडाने म्हणतील अशी आशा मी कशाला धरू? मला काय त्या ठाऊक नव्हत्या? पान वाढताना मी मनात म्हणत होते, बघू म्हातारी आज काय खोट काढते. आणि कावळा जेव्हा माझ्या पानावरून तुमच्या पॅनवर गेला ना, तेव्हा मला इतकं हसू दाटून आलं की मी पदर तोंडात कोंबला. म्हटलं, आत्याबाई, मानलं तुम्हाला. मी हसणारच होते. म्हणून तुमच्याकडे बघितलं. आपण दोघं मिळून हसू म्हणून.

आणि तुम्ही हसत होतात येसूबाईंकडे बघून. आळीकडे बघून. त्यांच्याबरोबर, मला हसत होतात. माझ्याकडे तुम्ही बघितलंच नाहीत. तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला, आणि मी निघाले. आत्याबाई तुमच्या हातचं खात नव्हत्या हे तुम्हाला इतकं लागलं होतं, हे मला माहीत नव्हतं. ते तुम्ही मला सांगितलं असतंत तर मीच कधीतरी तुमचं करून त्यांना माझं म्हणून वाढलं असतं. शिव्या मला बसल्या असत्या, पण पोटात गेलं असतं.

पदार्थाचं म्हणाल तर तो मी चोरला नाही. इतक्या वर्षांत तुम्ही सुट्टीवर आलात की पहिल्या दिवशी तोच करायचात आणि मला शेजारी उभं करून बेप्पे सांगायचात. शिकायची इच्छा नव्हती, पण बहिरी नव्हते. खानावळीत अंड्याची भुर्जी खाऊन लोक कंटाळले होते, वाडीत मिरची आली होती. सुकट घातली कारण चौलला सुकट न घालता काय करायचं हे मला सुचत नाही. व्हय, आधी कोरडी भाजते. बलक शिजवते कारण वाहता बलक बघून पुण्याची माणसं परत पाठवतात, आणि खरं सांगू, तो मलाही कधी आवडला नाही. तुमचं मन मोडेल म्हणून आजवर गिळत होते.

रतनचा डबा तुम्ही खाणार हे मला ठाऊक होतं. तुम्हाला द्यायचा नाही असं बजावलं म्हणूनच तुम्ही चव बघितलीत. तुमच्यासाठी म्हणून पाठवला असता तर तुम्ही बेप्पेशी ताडून बघितला असतात.

"माझ्यापेक्षा चांगलं झालं आहे." हे वाक्य वहिनीला वाचून दाखवलं नाही. ते मी वगळलं. ते माझं आहे.

आता ऐका. मी लगेच बोर्लीला येऊ शकत नाही. वहिनीला दिवाळीपर्यंत तरी पाय टेकता येणार नाही आणि शनिवार-रविवारी पायरीवर माणसं बसतात. तुम्ही या. कांदे चिरायला माणूस हवाच आहे. चूल माझी राहील, तुम्ही मध्ये बोलायचं नाही, आणि गिऱ्हाईकाला जेनोवा सांगायचं नाही. वहिनीला सांगा, तिला आवडेल. कावळ्यांना तुमच्यामागे यायची वाट कळू देऊ नका. दिघीला टेम्पोत काचा लावून बसा.

दिवाळीनंतर आपण घरी जाऊ. पण त्याच्या आधी या, उशीर करू नका. मी निघाले तेव्हा भरलेली बॅग अजून उघडलेली नाही. परत जायचंच आहे तर उघडायची कशाला, असं म्हणून वहिनीच्या साड्या नेसून दिवस काढते आहे, आणि त्या मला घोट्याच्या वर येतात.

सगुणा